माझ्या बाजूचं दार

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पत्र आधी हे फोडतात.

गाडी वेगात गेली की माझ्या बाजूच्या दारातून शिट्टी येते. मीच दार आपटून आपटून बिघडवलं, असं ह्यांचं म्हणणं. शिट्टी सुरू झाली की ह्यांचं बोलणं बंद होतं, ते घरी पोचेपर्यंत. गॅरेजात न्यायचं नाही म्हणतात. तू जन्मभर गाड्यांचे पत्रे ठोकलेस, तेव्हा घरच्या घरी काय करू ते लिही.

कंबर कशी आहे? काळजी घे आणि मला विसरू नकोस.

तुझी भिंगरी

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

कंबर जागेवर आहे. माझ्या गॅरेजात लहानाची मोठी झालीस आणि एक शिट्टी पकडता येईना? पालथ्या घड्यावर पाणी.

दाराच्या सगळ्या फटीवर चिकटपट्टी लाव. मग थोडी थोडी काढत गाडी पळव. जिथली काढल्यावर शिट्टी वाजेल, तिथे दुखणं. तिथे दारात कागद धरून दार लाव आणि कागद ओढ. सुळकन निघाला तर रबर गेलं समज. नवं बसवणं सोपं आहे. आणि आपटून दारं शिट्ट्या मारत नाहीत, हे जावईबापूंना माझ्या नावानं सांग.

तुझी फटकळ, तरी तुझीच,
आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे बाहेरगावी होते, तेवढ्यात सगळं उरकलं. गाडीला एवढ्या पट्ट्या का बांधल्यात, पडली की काय, असं शेजारीण विचारत होती. खूप दिवसांनी हसले.

कागद मागच्या वरच्या कोपऱ्यात सुळकन निघतो. रबर मात्र नव्यासारखं आहे. काचेभोवतीची चौकटच बाहेर वाकलीय, फटीत बोट जाईल इतकी. कशानं ते आठवत नाही. ती आत कशी घ्यायची तेवढं कळव.

माया आहेच, ती राहू दे.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

आठवत नाही म्हणतेस. अशा चौकटी मी पाहिल्यात. आतून कुलूप, काच थोडी उघडी, आणि बाहेरून कुणी दोन्ही हातांनी चौकट धरून ओढली, की कोपरा असा बाहेर येतो. चोरानं काच फोडली असती. आत तू होतीस. बाहेर कोण होतं ते विचारत नाही, मला डोकं आहे.

चौकट सरळ कशी करायची ते मी सांगणार नाही. रविवारी निघून ये, अंगावरच्या कपड्यांनिशी. वरची खोली झाडून ठेवलीय. लोक काय म्हणतील म्हणून तुझे बाबा कुरकुरतील, त्यांच्याकडे मी बघते.

वाट बघतेय.

आत्या

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी आले नाही. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

चौकट मीच सरळ केली. काच उतरवली, आतून दाराला गुडघा लावला आणि थोडी थोडी ओढत आणली. तुला करताना पाहिलं होतं. काल आम्ही लांबवर जाऊन आलो. शिट्टी गेली. हे खुशीत होते, वाटेत चहासुद्धा पाजला.

परत आल्यावर ह्यांनी माझ्या बाजूचं आतलं कुलूप काढून टाकलं. आता चौकट पुन्हा वाकायची नाही म्हणाले.

तुझी,
भिंगरी