पेला तिनं स्वतः का घासला

बाई, तुम्ही मला खोटं सांगितलंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, भांडायला समोर कोणी नाही, म्हणून लिहितेय.

मी तुमच्याकडे पोळ्या करायला यायची तेव्हा स्टुलावर बसून तुम्ही पेशवाईतल्या खुनाची ती कादंबरी मला वाचून दाखवली होती. तिची आता मालिका झाली. रोज संध्याकाळी सोसायटीतल्या बायका माझ्याकडे जमायच्या, कारण पुस्तक माहीत असलेली मी एकटीच. पुस्तक किती अवघड ते तुम्हाला ठाऊक आहे. एक प्रकरण खुनाच्या आधीचं, पुढचं कितीतरी वर्षांनंतरचं, मधेच कोणाची तरी साक्ष. मालिकावाल्यांनी सगळं सरळ ओळीत लावलं, सरदाराच्या दोन पुतण्यांचा एकच केला आणि सरदाराच्या बायकोला रोज नवी नथ घातली. जाहिरात लागली की मी सांगायची, "हे पुस्तकात नाहीये हं." शेजारीण म्हणायची, "काकू, नथीचं राहू द्या. खुनी कोण तेवढं सांगा." एकदा मी सांगून टाकलं. कारभारी. सरदाराची विधवा निर्दोष सुटते आणि पहाटे लेकीला घेऊन होडीनं गोदावरी ओलांडते.

शेवटच्या भागात त्या विधवेनंच कबूल केलं की नवऱ्याच्या दुधात विष तिनं घातलं होतं. मी उठून टीव्ही बंद केला. "सत्यानाश केला मेल्यांनी पुस्तकाचा," म्हटलं. शेजारणीची सून मोबाइलवर काहीतरी बघत होती. ती म्हणाली, "काकू, मालिका लिहिणारी इथे सांगतेय, आम्ही पुष्कळ बदललं पण शेवटाला हात लावला नाही." शेजारीण हसून म्हणाली, "मग आमच्या काकूंनी कुठलं पुस्तक वाचलं म्हणायचं?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले आणि कपाटाशी उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण वाचलं. होडी नाही, पहाट नाही. घरी येऊन तुम्ही मला दिलेली प्रत काढली. देताना म्हणाला होतात, "शेवटची पानं वाळवीनं खाल्लीत गं. पण शेवट तुला माहीत आहेच." वाळवी अशी सरळ रेषेत खात नाही, बाई. पानं ब्लेडनं कापलेली आहेत. ही प्रत मी इतक्यांदा हाताळली आणि ते मला दिसलं नाही, कारण वाळवी म्हणून तुम्ही सांगितलं होतं.

का केलंत, ते मला कळतं. सायखेड्याहून मी आले तेव्हा नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तापानं गेले ते. पण सासूबाई दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "हिच्या हातचं दूध पिऊन निजला माझा लेक, उठलाच नाय." हे मी कणीक मळताना तुम्हाला सांगितलं होतं. म्हणून पुस्तक वाचता वाचता तुम्ही ते वळवलंत. माझं तोंड तव्याकडे होतं. मागे तुमचा आवाज एकदाही अडखळला नाही. वर पानं उलटल्याचा आवाजही येत होता. नसलेल्या होडीसाठी तुम्ही पानं उलटत होतात.

तेवढं मी सोडूनही दिलं असतं. पण पेल्याचं सोडवत नाही.

अजून दिसतं मला. पोळी तव्यावर आहे, तुम्ही वाचताय. सरदार गेल्याच्या सकाळी त्याची बायको मागच्या अंगणात राखेनं चांदीचा पेला घासतेय. मी उलथनं हातात धरून वळते. "बाई, घरात एवढ्या मोलकरणी असताना पेला ती स्वतः का घासते?" तुम्ही चष्म्यावरून बघता. इतक्या रागानं तुम्ही माझ्याकडे कधीच पाहिलेलं नाही. "दुःखात बाई काहीही करते. पोळी करपतेय तिकडे बघ. नसत्या शंका काढायच्या असतील तर मी वाचणार नाही." मी वळते. पोळी खरंच करपलेली असते.

त्यानंतर मी तुम्हाला काही विचारलं नाही. पुढे त्याच प्रतीवर अक्षरं जुळवत एकटीनं वाचायला शिकले. मग मिळेल ते वाचलं. पण पुस्तकात कुठे काही खटकलं की वाटायचं, आपल्यालाच कळत नसेल. लेखक शिकलेला, बाई शिकलेल्या, आपण पोळ्या करणारी. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट बरोबर वाचली होती, आणि ज्या एका माणसाला ते ठाऊक होतं त्यानं मला करपलेली पोळी दाखवली. सासूबाईंनी मला खुनी म्हटलं, ते मी ओलांडून आले. तुम्हाला वाटलं, पुस्तकातली एक बाई मला झेपणार नाही.

हे पत्र मी कपाटात त्या प्रतीत ठेवणार आहे, कापलेल्या पानांच्या जागी.

एक सांगायचं राहिलं. वाचनालयात शेवट वाचला तेव्हा राग नंतर आला. आधी आनंद झाला. पेल्याचं माझं बरोबर होतं! पुस्तक परत ठेवलं आणि रस्त्याला लागले. तुमच्या जुन्या घराच्या गल्लीपर्यंत गेले, तुम्हाला सांगायला.