टाकीवरच्या पेन्सिलच्या रेघा

१२ जानेवारी, रविवार

सत्यानाश! चार महिन्यांचं काम चार मिनिटांत बुडवलं. मीच बुडवलं — दुसऱ्या कोणावर ढकलायला जागाच नाही.

ट्रेलर बोलेरोला जोडून मोताळ्याला ओळखीच्या किसनरावांच्या मळ्यात गेलो होतो. एकटाच. म्हटलं, चाकांवरचं घर बांधून घेतलंय, तर कोल्हापूरला न्यायच्या आधी एक दिवस कुठेतरी उभं करून बघावं. टाकी भरायची होती. किसनराव म्हणाले, "सर, लावून टाका नळी. आता लाईन नाही. जेवून घेऊ तवरक." ट्रेलरला बाहेरून पाणी घ्यायची दोन तोंडं आहेत. एक टाकीचं. दुसरं थेट आतल्या नळांना जोडलेलं — त्याला आटे आहेत, नळी घट्ट बसते. जिथे घट्ट बसते तिथे मी बसवली! म्हटलं, वीज आल्यावर टाकीकडे फिरवू.

मोटरीला ऑटो-स्टार्टर आहे. या भागात कोणाकडे नसतो? वीज आली की मोटर आपोआप सुरू, माणसाला पळत जायला नको. आम्ही पिठलं-भाकरी खात बसलो आणि साडेबाराला वीज आली. पाच एचपीची मोटर, आणि ट्रेलरचे सगळे नळ बंद! पाणी जाणार कुठे? सहा-सात किलो तरी प्रेशर आलं असेल. माझे जोड तीन किलोच्या वर टिकत नाहीत.

त्यांच्या घरच्या तानुबाई अंगणातून ओरडल्या, "अवो, थे गाडी पाहा! दारातून धार लागली!"

बेसिनमागचा पाइपचा एल्बो उडाला होता. गादी ओली, प्लायवूड ओलं, कपाटातले टॉवेल तरंगताहेत. किसनराव बिचारे सारखे तेच — "पाहुण्याले पाणी कमी पडू नाही म्हून पाण्याची चावी फुल सोडून ठेवली होती हो मी!" त्यांना काय बोलणार? तीस वर्षं पोरांना दाब शिकवला मी. फळ्यावर बाण काढून काढून शिकवला!

घरी शैलजाला फोनवर म्हणालो, "थोडं सांडलं."

१३ जानेवारी

ट्रेलर तसाच मलकापूरला गजेंद्रच्या वर्कशॉपमध्ये नेऊन टाकला. त्यानेच बांधलाय. प्लायवूड ठोकून पाहिलं, वास घेतला, आणि वर मान करून म्हणतो, "सर, दहावीत तुमी मले विज्ञानात नापास केलं होतं. आठवते काय?"

आठवतं म्हणालो.

"आज बरोबरी झाली," म्हणे. आणि मनापासून हसला. मलाही हसू आलं, पण राग आला तो जास्त.

१४ जानेवारी, संक्रांत

शैलजाने तिळगूळ हातावर ठेवला आणि विचारलं, "थोडं म्हणजे किती?" मग सगळं सांगितलं.  ऐकून ती रात्री दहाची पिशवी लावायला उठली.

इथे तरी खरं लिहावं. तिच्या किडन्या गेल्या त्याला तीन वर्षं होतील. पोटाचं डायलिसिस. पोटात बसवलेल्या नळीतून दिवसाला चार पिशव्या — औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, नवीन सोडायचं. दर वेळी वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे, मोजून तीन मिनिटं. तोंडाला मास्क, पंखा बंद, दार बंद, अर्धा तास कोणी आत यायचं नाही. उतरलेल्या पाण्याची पिशवी पेपरावर धरायची. पलीकडची अक्षरं वाचता आली की ठीक. गढूळ दिसली की थेट दवाखाना. सकाळ-संध्याकाळ-रात्रीची मी लावून देतो. दुपारची ती एकटी करते, कारण साडेअकरा ते दीड मी शिकवणीला असतो.

लॉजवर हे होत नाही. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये होत नाही. गार्गीचं लग्न झालं आणि दोन महिन्यांत हे सुरू झालं. आईने लेकीचा संसार अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही! गार्गी म्हणते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पंचगंगा दिसते. शैलजा मला विचारते, "ओटा कुठल्या बाजूला असेल हो?" मला काय माहीत!

म्हणून ट्रेलर. आपली खोली, आपलं बेसिन, आपला पिशवीचा हुक — सोबत घेऊन जायचं. डॉक्टर हो म्हणाले, पण बोट वर करून — "ओल नको, बुरशी नको, हात धुताना पाणी तुटायला नको." आणि गेल्या खेपेला मला बाजूला घेऊन वेगळंच म्हणाले. पोटाचं आता फार दिवस पुरेल असं वाटत नाही. मग मशीन. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात. मग कुठलं कोल्हापूर!

तिला हे सांगितलेलं नाही.

१९ जानेवारी

प्लायवूड वाळत नाही. गजेंद्र हॅलोजन लावून बसलाय. मी दिवसातून चारदा फोन करतो. "सर, फोन केल्यानं लाकूड वाळत नाही," म्हणाला.

२४ जानेवारी, शुक्रवार

ट्रेलर घरी आणला. बेसिनमागचं प्लायवूड नवं. थेट तोंडाला गजेंद्रने टोपी बसवून वर सील मारलं — "आता तुमी म्हटलं तरी उघडत नाही." फक्त टाकी, आणि बारा व्होल्टचा छोटा पंप. नळ उघडला की पंप गुणगुणतो, बंद केला की थांबतो. नळ बंद असताना मधूनच गुणगुणला, तर समजायचं कुठेतरी गळतंय.

राजूरचा घाट चढून आलो, अंगणात उभा केला — आणि पंप गुणगुणला! नळ बंद. दोन मिनिटांनी परत. मी उताणा झोपून बेडखाली घुसलो. घाटातल्या धक्क्यांनी पंपाजवळची क्लिप ढिली. एवढीशी! मलकापूरहून इथपर्यंत पन्नास किलोमीटर. कोल्हापूर तर किती लांब.

२६ जानेवारी

आज निघायचं ठरलं होतं. नाही निघालो. पंपाजवळचा कडक पाइप काढून हातभर लवचीक नळी टाकली, म्हणजे धक्का ती खाईल. सगळ्या क्लिपा डबल. प्रेशर अडीच किलोवर चढवून पंप बंद केला, आणि काट्याकडे बघत तासभर बसलो. काटा हलला नाही.

तरी म्हटलं, आणखी आठवडाभर बघू. घाई नको.

गार्गीचा फोन. "बाबा, नक्की कधी?" पुढच्या रविवारी म्हणालो.

२९ जानेवारी

शैलजा आत पाऊल टाकत नाही. मोताळ्याच्या प्रकारानंतर एकदाही नाही. दाराशी उभी राहते, "छान झालंय" म्हणते, आणि वळते. चार महिने माझ्या डोक्यावर बसून कपाट कुठे, हुक किती उंच, सगळं करून घेतलं. बेसिनचं वापरलेलं पाणी वाया जायचं नाही, कढीपत्त्याच्या आळ्यात सोडायचं — तिनेच नळी ओढून दिली. आता काय झालं? मन उडालं का तिचं? विचारायची हिंमत होत नाही.

३० जानेवारी

टाकी काठोकाठ भरली. शंभर लिटर. टाकीच्या बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी आहे, तिच्याशेजारी पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली. आता रोज संध्याकाळी बघायचं. रेघ हलली नाही की निघायचं.

३१ जानेवारी

हलली! दोन बोटं खाली. पाच-सहा लिटर!

१ फेब्रुवारी, शनिवार

आणखी दोन बोटं. आत ओल कुठेच नाही. प्रत्येक जोडाखाली खडूची पूड पसरली, पाण्याचा एक थेंब पडला तरी डाग दिसेल. काही नाही. पूड जशीच्या तशी. तीस वर्षांनी खडू उपयोगी पडला, तोही काही न सांगण्यासाठी.

उद्याचं निघणं रद्द. गार्गीला कळवलं. ती फक्त "बरं" म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर ट्रेलरमध्येच बसून होतो. रेघ हलली नाही. अजिबात!

३ फेब्रुवारी

पुन्हा दोन बोटं. हे काय? रविवारी गळतीलाही सुट्टी?

५ फेब्रुवारी

आज पंपाचं मेन बटणच बंद करून शिकवणीला गेलो. परत आलो, बटण बंदच. रेघ खाली! पंप बंद, नळ बंद, तरी पाणी जातंय. म्हणजे टाकीच फुटकी? टाकीखाली पेपर घातले. कोरडे ठणठणीत. पेपर सगळे वाचून झाले, छोट्या जाहिरातींसकट.

जेवताना शैलजावर घसरलो. नगरपालिकेचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, कधी येईल नेम नाही, म्हणून ती घरातला नळ उघडाच ठेवते — खाली बादली, धार वाजली की कळतं. गावभर हीच सवय. म्हटलं, "ट्रेलरचाही नळ उघडा ठेवतेस का तू?" तिने माझ्याकडे पाहिलं. "मी कुठे जाते तुमच्या ट्रेलरमध्ये?" म्हणाली आणि ताट उचललं.

तुमच्या! आधी आपला होता.

८ फेब्रुवारी

पुन्हा दोन बोटं. झोप नाही, भूक नाही. शिकवणीत पोरांना न्यूटनचा तिसरा नियम दोनदा शिकवला, पहिला राहूनच गेला. उद्याही निघणं नाही. हा तिसरा रविवार.

९ फेब्रुवारी, रविवार

आज नाही हलली. माहीतच होतं.

कढीपत्ता बघितला. थंडीत या झाडाला पान नसतं, यंदा मस्त फुटलाय. झाडांची मजा आहे.

११ फेब्रुवारी

खरं लिहू? काल एक क्षण वाटलं, गळतंय ते बरंय. गळतंय तोवर निघायचं नाही. निघालो आणि वाटेत कुठल्यातरी पेट्रोलपंपामागे ती हात धुताना पाणी तुटलं, पिशवी गढूळ आली, तर? इथे डॉक्टर दहा मिनिटांवर आहेत. तिथे मी एकटा, हातात पाना घेऊन. हे माझ्या मनात आलं. लाज वाटते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार — सकाळी, मलकापूर

शिकवणी बुडवून सकाळीच गजेंद्रकडे आलो. शैलजाला संध्याकाळ होईल म्हणून सांगितलंय. चहा येईपर्यंत हे लिहितोय. आल्याआल्या त्याच्यावर तोंडसुख घेतलं. तुझी टाकी फुटकी, तुझे जोड भिकार, तुला नापास केलं ते बरोबरच केलं! ऐकून घेतलं त्याने. मग वेल्डिंगचा चष्मा काढून म्हणाला, "सर, गळलेलं पाणी कुठंतरी दिसतेच. तुमी आख्खी गाडी पाह्यली, कुठंच नाही म्हंता. मंग थे गळलं नाही. कोनीतरी वापरून राह्यलं." आणि चष्मा पुसत — "वापरलेलं पाणी जिथं जाते, थे जागा पाह्यली काय?"

कढीपत्ता!

चहा नको. निघतो.

१३ फेब्रुवारी — घरी

पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. ट्रेलरचं दार बंद. आत पंप गुणगुणत होता. दाराला हात घातला, तर आतून शैलजाचा आवाज — "थांबा! उघडू नका, पिशवी लावायचीय!"

तसाच उभा राहिलो. अर्धा तास. पंप थांबला तो पुन्हा वाजला नाही. दारामागून तीच बोलत होती. बारा दिवस झाले म्हणे, रविवार सोडून. रोज दुपारची पिशवी आतच. पंपाचं बटण बंद दिसलं त्या दिवशी लावलं आणि परत बंद केलं. "वाटेत तुम्हाला काही झालं तर एकटीला जमतं का, ते बघत होते. तुम्हाला सांगितलं असतं तर रोज पाना घेऊन आत आला असता." मग जरा वेळाने, "डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले तेही माहितीये मला. गार्गीला मीच सांगितलंय. तुम्हालाच निघवत नाहीये."

दार उघडलं. उतरलेली पिशवी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर धरली. "वाचा."

वाचलं. चौदा फेब्रुवारी, शुक्रवार. म्हणजे उद्याच. स्वच्छ दिसत होतं. तिने त्याभोवती पेन्सिलने गोल केला होता.