बाथरूमचं काम हाती घेतलं आहे

४ मार्च
आजपासून बाथरूमचं काम हाती घेतलं. हिची उजवी बाजू लुळी पडल्यापासून हिला तिथला उंबरा ओलांडता येत नाही. मी उचलून नेतो. हिच्या धाकट्या बहिणीनं परस्पर कचेरीत अर्ज टाकलाय. उंबरा काढून देतात, भिंतीला धरायला दांडे, बसून आंघोळ करायला खुर्ची, सगळं सरकारी खर्चानं म्हणे. या मेव्हणीला दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसायची भारी हौस. एक दांडा ठोकायला सरकार कशाला? आपल्या हातचा मळ. रविवारी लावतो.

९ मार्च, रविवार
ड्रिल सापडलं. बिट नाही. मान अवघडली म्हणून जरा आडवा झालो. संध्याकाळी हिला समजावलं की घाईचं काम कच्चं होतं.

१४ मार्च
दांडा लावला! एकदम फर्स्ट क्लास. स्वतः लोंबकळून बघणार होतो, पण पँट नवी होती.

१५ मार्च, सकाळी
दांडा निघाला. टाइलसकट. टाइल्सच हलक्या. ही पडली वगैरे नाही, खाली बसली. जरा जोरात. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे. म्हणजे झालं काहीच नाही. तरी ही आता आंघोळच नको म्हणते. ओल्या फडक्यानं अंग पुसून घेते. तेही बरंच.

२० मार्च
उद्या कचेरीतून तपासणीला बाई येणार. मेव्हणीचा फोन, घर जसं आहे तसं दाखवा. जसा काही मी लपवाछपवी करणारा माणूस! व्हीलचेअर गॅलरीत चादरीखाली ठेवली. पॉट पलंगाखाली सरकवला. भिंतीतल्या भोकांवर कॅलेंडर टांगलं. बाथरूमला शोभा आली.

२१ मार्च
बाई आल्या. हातात टेप, चेहऱ्यावर काही नाही. प्रश्न हिला विचारत होत्या. उत्तरं मी दिली. हिची जीभ जड, एका वाक्याला फार वेळ घेते आणि लोकांना कामं असतात. आंघोळ? होते की. उंबरा? ओलांडतो आम्ही. कधी पडल्यात? छे! चहा मीच केला. बाई म्हणाल्या, तुम्ही फारच करता. बरं वाटलं. कप विसळायला आत गेलो. बाहेर येतो तर बाई हिच्याजवळ खुर्ची ओढून बसलेल्या. बायकांच्या गप्पा.

३० मार्च
मंजूर! मेव्हणीनंच कळवलं. बाईंवर माझी छाप पडली म्हणायची. ही आजच मेव्हणीकडे राहायला गेली. शहाणपणाचं केलं, इथं आता धूळ उडणार. बाथरूम रिकामं केलं. बादल्या बाहेर.

६ एप्रिल
कारागिरांचा पत्ता नाही. बादल्या पायात येतात. हिला फोन केला, मेव्हणीनं उचलला. ही आंघोळीला गेली म्हणाली. वाट बघितली, परत केला, अजून आतच. एवढा वेळ काय करते, विचारलं. मेव्हणी म्हणाली, ताई एकटी करते, लागणारच वेळ. मी म्हटलं, जपून करायला सांग.

११ एप्रिल
कचेरीत जाऊन चांगलं खडसावलं. बाई शांत. म्हणाल्या, काम कधीच पूर्ण झालं, मेव्हणीच्या पत्त्यावर. मी म्हटलं, अहो, घर तर आमचं तपासलंत! बाई म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही आत गेलात तेव्हा मी त्यांना विचारलं, दांडे कुठं लावू? त्यांना वेळ लागला. बहिणीकडे, म्हणाल्या.

राग यायला हवा होता. आला नाही. काहीच आलं नाही. घरी येऊन बूट न काढता बसलो.

संध्याकाळी मेव्हणीला फोन केला. म्हटलं, मीही येतो चार दिवस. ती म्हणाली, ताईला विचारते. फोन तसाच चालू. आत ही काहीतरी बोलत होती, बराच वेळ. एकदा हसलीसुद्धा. ओळखू यायला मला जरा वेळ लागला. मेव्हणी परत आली. म्हणाली, ताई म्हणते, इतक्यात नको.

इतक्यात नको. म्हणजे नंतर चालेल. बॅग भरून ठेवली आहे.