सहाशे किलो कोळंबी आणि अर्धा बर्फ

१२ जाने., सोम.
कालच्या पुणे फेरीचा खरा खर्च: कोळंबी सहाशे किलो, डिझेल जाऊन-येऊन चाळीस लिटर, आणि बारा वर्षं माझ्या गाडीवर असलेला जनार्दन. पुण्याच्या पार्टीने पेटी उघडली, वास घेतला, झाकण लावलं. "शेठ, हा तुम्हीच घरी न्या." सगळा माल परत. कळंबोलीत आमच्या अड्ड्यावर गाडीचं दार उघडलं तर शेजारचे लोखंडवाले नाकाला रुमाल लावून पळाले.

ज.ला तिथल्या तिथे काढला. घाटात गाडी ओढत नाही म्हणून हे ड्रायव्हर कूलिंग बंद करतात. सगळे करतात! खोपोलीच्या पुढे मी त्याला फोन केला होता, मागे कॉम्प्रेसरचा आवाज नव्हता. तीस वर्षं गाड्यांत गेली माझी, फोनवर इंजिन ऐकून टायरमधली हवा सांगतो मी.

तो एवढंच बोलला, "शेठ, आमी बंद केला नाय." चावी ठेवली, डबा उचलला, गेला.

१३, मंगळ.
डोकं अजून तापलेलंच. काय वाईट होता माझा प्लॅन? बर्फ अर्धा, त्या जागी माल. तीन फेऱ्यांचं काम दोन फेऱ्यांत. डिझेल कमी, धूर कमी. एका माणसाने वाट लावली.
हिने वाढता वाढता विचारलं, "अहो, पण बर्फ अर्धा करा म्हणून कोणी सांगितलं होतं?"
ताटावरून उठलो.

१५, गुरु.
करंज्याला बंदरावर गेलो. ज्यांच्या बोटीची कोळंबी, ते नाखवा धक्क्यावरच भेटले. मी काही विचारलं नव्हतं.
"जनार्दन भरतानाच तुमाला बोलत होता, बर्फ कमी हाय. गाडी गार भरलेला माल गार ठेवते, शेठ. तापलेला गार करायला ती काय आमची वैनी हाय?"
धक्काभर हसले. मीही हसलो, आणि मग जास्तच भडकलो.
बोलला होता ज. मी दुसऱ्या फोनवर होतो, हातानेच 'चल चल' केलं.
तरी घाटात कूलिंग बंद केलंच ना त्याने?

१७, शनि.
ज.च्या घरी फोन. बायकोने उचलला. "ते न्हावा शेव्याला गेलेत, कंटेनरच्या गाडीवर बोलावलंय." आणि फोन ठेवला.

१८, रवि.
मेकॅनिकने मशीनमधली नोंद काढून दिली. करंजा ते पुणे, कूलिंग एक मिनिटही बंद नाही.
"मग मला आवाज का नाही आला रे?"
"शेठ, दिवाळीत बसवलं ते नवं कूलिंग बॅटरीवर चालतं. इंजिनला जोडलेलंच नाही, घाटात बंद कशाला करतील?"
स्वतः केबिनमध्ये बसलो. काचा वर, कूलिंग फुल. ज.चा नंबर लावला. रिंग पूर्ण वाजली, उचलला नाही. परत लावला.
कॉम्प्रेसरचा आवाज केबिनमध्ये येत नाही.