तलाववाल्याचा क्लोरीन

६ मे
आजपासून सोसायटीच्या तरणतलावाची देखरेख माझ्याकडे. मी मागितली नव्हती; तीन मीटिंगमध्ये फक्त विषय काढला. कॉलेजात तीस वर्षं हॅलोजन शिकवले आणि इथे क्लोरीन टाकतो कोण, तर तलाववाला. शिक्षण आठवी. माप म्हणून आइस्क्रीमचा रिकामा डबा.

७ मे
पाण्याला क्लोरीनचा उग्र वास. नातीचे डोळे लाल. पुढच्या रविवारी तिची पोहण्याची शर्यत आहे. निदान सोपं : डोस जास्त. तलाववाला म्हणे, "सर, क्लोरीन कमी पडला की वास येतो. अजून डबाभर लागेल." उद्या म्हणेल, मीठ जास्त झालं की भाजी अळणी लागते. डोस निम्मा केला.

८ मे, सकाळ
त्याला झेपेल असं शिकवलं. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन, आठव्यासाठी जीव टांगणीला. सोडियमकडून सरळ हिसकावतो, नायट्रोजनशी भागीदारी करतो. त्याने विचारलं, घामात असतो का तो नायट्रोजन? असतो म्हटलं. "मग क्लोरीन तिथेच अडकत असणार. जंतू कोण मारणार?" मध्ये बोलायचं नाही, म्हणून बजावलं.

१० मे
वास वाढला. जुना क्लोरीन बाहेर पडतोय, अपेक्षितच. डोस पूर्ण बंद. ही म्हणाली, त्या माणसाचं एकदा ऐकून तर बघा. हिचा विषय इतिहास.

१२ मे
पाणी हिरवट. क्लोरीन वायूचा रंगच पिवळट हिरवा, हे अध्यक्षांना समजावलं. ते दंतवैद्य. फ्लोराइडपलीकडे उडी नाही.

१३ मे
पायरीवर शेवाळ. घसरलो. कंबर धरली.

१४ मे, रविवार
शर्यत रद्द. तलावाला कुलूप. नात माझ्याशी बोलत नाही. तलाववाल्याने मला न विचारता सहा डबे ओतले. अडाणीपणाचा कळस.

१६ मे
पाणी काचेसारखं. वास गायब. सहज माझ्या जुन्या नोट्स काढल्या. पान चाळीस, माझ्याच हातचं : तलावाचा उग्र वास क्लोरामाइनचा, म्हणजे घामातल्या नायट्रोजनशी अडकलेल्या क्लोरीनचा; उपाय, आणखी क्लोरीन. खाली लाल शाईत 'हमखास प्रश्न'.

पान दुमडून ठेवलं. कुणाला दाखवायची गरज नाही.

१७ मे
समितीने जबाबदारी बदलली. तलाववाला रोज पाणी तपासून आकडा सांगणार, मी तो फळ्यावर लिहायचा. त्यानेच सुचवलं म्हणे, सरांचं अक्षर चांगलं आहे.

तेवढी पारख आहे त्याला.