पोळपाट कोणाचा

कुरखेडा मुक्काम, पौष, मंगळवार, १९५४

यांच्या दौऱ्यामुळे सासूबाईंसकट इथे आलो. आज मिशनच्या दवाखान्याच्या ओसरीवर इटलीच्या सिस्टरांनी आम्हा बायांना कणकेच्या पट्ट्या टमाट्याच्या रश्शात शिजवायला शिकवल्या. बाकीच्यांनी कणकेत अंडं फोडलं, मी नुसत्या पाण्यात भिजवली. पण पोळपाट सगळ्यांचा एकच! अंडं लागलेल्यावर लाटायला मी अडले, तर सिस्टरांनी स्वतः राखेने घासून दिला. तेवढ्याने चालतं का, देवा?

मुक्कामी येऊन सासूबाईंपुढे वाटी ठेवली.

"अंडं नाई ना?"

"नाई, आत्याबाई. पण पोळपाट त्यांचा. घासलेला."

त्या वाटीकडे पाहतच राहिल्या. उद्यापासून शिकायला जाणं बंद, असंच वाटलं. मग त्यांनी एक पट्टी तोंडात टाकली.

"हे त आपल्या वरणातल्या चकोल्याच वं! इटलीचं नाव कायले?" वाटी पुसून खाल्ली. "उद्या आपला पोळपाट घेऊन जाजो."