चेनकव्हरची तार

आर्णी, बुधवार, सांजेले

माझ्या दोस्ताची, देवरावची, पोरगी सुनंदा आज बापाची जुनी फटफटी घेऊन दुकानात आली. अपघातापासून गोठ्यात पडून होती. वाकलेलं चेनकव्हर पाह्यलं अन् माझे हातच थांबले. मागची तार तुटलेली, पुढची शाबूत, उलटे तीन पीळ. असे पीळ मीच देतो. बोल्ट नव्हते म्हणून तारेनं बांधलं होतं. म्हटलं होतं, "दोन दिवस चालव, बोल्ट आणून ठेवतो." काहून आणले नाही मी? तिसऱ्या दिवशी देवराव घाटात पडला अन् जागीच गेला. कव्हरच चाकात अडकलं असन. गाव म्हणे, तोल गेला. मीही तेच म्हणत आलो.

सुनंदा म्हणे, "काका, बाकी सारं बदला, पण ही तार राहू द्या. बाबाच्या हातची हाय."

"बरं बेटा," म्हटलं. अन् तिच्यासमोर ती तार पुसून लख्ख केली.